खळ ओली होती

मॉब या शब्दाचा मला राग आहे. इंग्रजीत गर्दीला शब्द थोडे नाहीत. क्राउड आहे, असेंब्ली आहे, पब्लिक आहे, आणि त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. हा एकच शब्द छापलेला दिसला की माझं डोकं फिरतं, आणि घरातली माणसं म्हणतात, लागला म्हातारा पुन्हा वर्तमानपत्राशी भांडायला. भांडण वर्तमानपत्राशी नाही. हा शब्द मी माझ्या हातानं, चांगल्या वळणदार अक्षरात, एका सरकारी कागदावर लिहिला होता आणि त्याबद्दल शाबासकी घेतली होती. त्या कागदात माझे वडील होते.

शब्द मला पहिल्यांदा भेटला तो बेळगावच्या हायस्कुलात. आमच्या इंग्रजीच्या मास्तरांना शब्दांची कुळं सांगायची हौस होती. ते म्हणाले, विलायतेत अडीचशे वर्षांपूर्वी मोठ्या लोकांना रस्त्यावर जमणाऱ्या साध्या माणसांची भीती वाटायची आणि किळसही यायची. उघड शिवी देणं शोभत नाही, म्हणून ते लॅटिनमध्ये द्यायचे: मोबिले व्हल्गुस. व्हल्गुस म्हणजे सामान्य रयत. मोबिले म्हणजे हलणारी, एका जागी न ठरणारी, आज याच्या मागं तर उद्या त्याच्या. पुढं एवढं लांबलचक म्हणायचा कंटाळा आला, तेव्हा नुसतं मोबिले उरलं, आणि तेही छाटून मॉब झालं. छाटलेला शब्द बघून तिथल्या काही पंडितांचा जळफळाट झाला म्हणे. शब्द छाटला म्हणून जळफळाट. माणसांना काय म्हटलं याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

मास्तरांना उदाहरण हवं होतं. त्यांचं बोट सरळ माझ्यावर आलं. याच्या गल्लीत एकदा सकाळी जाऊन बघा, म्हणाले, म्हणजे मॉब कशाला म्हणतात ते कळेल. शाळेला येताना त्यांना आमच्या गल्लीतून यावं लागायचं, आणि रस्त्यात सुताची पाजणी चाललेली असली की धोतराचा सोगा उचलून गटाराच्या कडेनं चालावं लागायचं. तो राग त्यांनी त्या दिवशी काढला. वर्ग हसला. मीही हसलो, आणि इतरांपेक्षा जरा मोठ्यानं हसलो, म्हणजे मी त्या गल्लीतला नाही असं वाटावं.

आमचं मूळ घर शहापुरातलं, संस्थानच्या हद्दीत. वडील विणकर, त्यांचे वडील विणकर. बेळगाव हाकेच्या अंतरावर, पण तिथं राज्य इंग्रजाचं. मला इंग्रजी शाळेत घालायचं म्हणून वडिलांनी हद्द ओलांडून बेळगावच्या बाजूला एका विणकरांच्या गल्लीत घर केलं, माग हलवला. शहापुरातच राहिलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं, हे मी आयुष्यभर मनात म्हणत आलो आहे. इंग्रजाच्या फौजदाराची सत्ता हद्दीपाशी संपत होती.

पाजणी म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण आता गिरणीचं सूत तयार येतं आणि ते दृश्य दिसेनासं झालंय. लुगड्याचं उभं सूत मागावर चढवण्याआधी त्याला खळ लावावी लागते, नाहीतर विणताना ते पटापट तुटतं. चार-पाच लुगड्यांचं सूत एकदम घ्यायचं, ते गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचं, खाली बांबूचे टेकू द्यायचे, आणि धागे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये मध्ये आडव्या काठ्या घालायच्या. मग तांदळाची पातळ खळ शिंपडायची आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी कुंचे घेऊन पुढं-मागं चालत ती सुतात जिरवायची. हे काम उजाडताच करायचं, ऊन चढण्याआधी. एकदा खळ पडली की थांबायची सोय नाही. अर्ध्यावर सोडलं तर धाग्याला धागा चिकटतो, आणि महिन्याभराच्या कामाची दोरी होऊन बसते.

एका घरच्या माणसांना हे आवरणारं नव्हतं. म्हणून आदल्या दिवशी नुसतं गल्लीत सांगायचं, उद्या आमची पाजणी हाय. ऐकलं त्यानं यायचं. बायका, म्हातारे, सगळे. आमंत्रण नाही, मजुरी नाही. उद्या त्याची पाजणी असेल तेव्हा आपण जायचं. एकवेळ लग्नाला गेलं नाही तर गल्ली विसरायची, पण पाजणीला न येणाऱ्याला विसरत नसे. मी मॅट्रिक होईपर्यंत कुंचा धरला. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणायचो, माझ्या समोरच्या बाजूला असायची आणि माझा हात जरा ढिला पडला की सुतावरून हात घालून माझ्या मनगटावर चापट द्यायची.

मॅट्रिक झाल्यावर मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत तर्जुमे करणारा कारकून म्हणून मला नोकरी मिळाली. पोलिसांचे रिपोर्ट, साक्षी, अर्ज यांचं साहेबांसाठी इंग्रजी करायचं. वडिलांनी, आमच्या आप्पानं, गल्लीत गूळ वाटला. वर्षभरात मी कँपाच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या, बाजूला खोली घेतली. कारण सांगितलं कचेरी जवळ पडते. खरं कारण मागाचा आवाज आणि खळीचा वास. रविवारी घरी जायचो, दारात खुर्ची टाकून बसायचो, आणि उशिरा जायचो, म्हणजे पाजणी असलीच तर उरकलेली असायची. गल्ली मला काही बोलत नव्हती. मी शिकलेला होतो, मला माफ होतं असं मी धरून चाललो होतो.

मग बेचाळीसचं साल आलं. गावोगाव तारा तुटत होत्या, निपाणीकडून रोज काहीतरी खबर येत होती, आणि साहेबांनी हुकूम काढला की पाचांपेक्षा जास्त माणसांनी रस्त्यावर जमायचं नाही. कचेरीत कामाचा डोंगर पडला. मला त्यात मजा येत होती हे कबूल केलं पाहिजे. इतकी वर्षं अर्ज आणि पंचनामे खरडले होते; आता माझं इंग्रजी रोज साहेबांच्या टेबलावर जात होतं.

एका सकाळी फौजदाराचा रिपोर्ट आला. अर्धी मराठी, अर्धी कानडी. आज उजाडताना अमुक गल्लीत सुमारे चाळीस इसम रस्ता अडवून जमले होते; त्यांच्याकडे बांबू व काठ्या होत्या; पांगण्याचा हुकूम तीनदा देऊनही हटले नाहीत; एकानं शिपायापुढं काठी वर केली; तिघांना धरलं. धरलेल्यांची नावं वेगळ्या यादीत होती, तिचं इंग्रजी दुसरा कारकून करायचा. गल्ली आमची होती. पहाट, चाळीस माणसं, बांबू, काठ्या, अडलेला रस्ता, हटायला तयार नाहीत. आमच्या गल्लीतलं शेंबडं पोर ते वाचून म्हणालं असतं, पाजणी. मी त्या गल्लीत वाढलो, मॅट्रिकपर्यंत त्या सुताच्या कडेनं चाललो, आणि मला ते दिसलं नाही. मला वाटलं, आपल्या गल्लीतल्या पोरांनीही झेंडे काढले वाटतं. आणि मी लिहिलं: काठ्यांनी सज्ज असा चाळिसांचा मॉब.

फौजदारानं नुसतं इसम म्हटलं होतं. इसमाला इंग्रजीत माणसं म्हणता आलं असतं. पण त्या शब्दात काही चमक नव्हती, आणि दुसरा माझ्याकडे कधीचा तयार होता, कुळासकट. शिरस्तेदार म्हणजे कचेरीतला सगळ्यात वरचा कारकून. त्यानं कागद वाचला आणि म्हणाला, शब्द कसा बसलाय बघा, रिपोर्टला जीव आला. मी लाजल्यासारखं केलं.

दुपारी आक्का कचेरीच्या पायऱ्यांशी आली. ती त्या आवारात पूर्वी कधी आली नव्हती. पदराला खळीचे वाळलेले डाग होते. मी तिला घाईनं झाडाआड नेलं. तिच्या ते लक्षात आलं.

"आप्पाला धरून नेलंय," ती म्हणाली. "पाजणी आमचीच हुती. अर्धी झालती, तवर ते आले. पांगा म्हणाले. आप्पा म्हणाला, एवढं उरकू द्या, खळ वली हाय. त्यांनी टेकू वढून काढले रं. समदं सूत मातीत. आप्पानं सुतातली काठी उचलून धरली, तर म्हणत्यात मारायला उगारली."

तिनं विचारलं, तुझ्या साहेबाला सांगशील न्हवं? मी म्हणालो, बघतो. आजही तो शब्द आठवला की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी शिरस्तेदाराकडे गेलो आणि म्हणालो, सकाळच्या तर्जुम्यात एक शब्द बदलायचा आहे. कागद साहेबांकडे गेलाय, तो म्हणाला, त्यांनी त्या शब्दाखाली रेघ ओढली आहे. मग चष्मा काढून त्यानं विचारलं, का, त्यातलं कुणी तुमचं आहे? मी नाही म्हणालो. विचार करून नव्हे. तोंडातून निघून गेलं. मग त्यानं मी न विचारताच सांगितलं. साहेब तसा वाईट नाही. गावातला कुणी प्रतिष्ठित माणूस उभा राहून म्हणाला की याला मी ओळखतो, हा असा नाही, तर ताकीद देऊन सोडतो. पण कचेरीतल्या माणसाचं नातं निघालं तर त्या माणसाला हे दिवस बरे नाहीत. आधीच दोघांना काढलं होतं. एवढं बोलून त्यानं चष्मा लावला.

म्हणजे वडिलांची सुटका माझ्या एका वाक्यावर होती, आणि त्या वाक्याची किंमत माझी नोकरी.

खटला दोन दिवसांनी उभा राहिला. कोर्टात दुभाषाचं काम करणारा माणूस तापानं पडला होता, आणि शिरस्तेदारानं मला उभं केलं. मुद्दाम केलं की दुसरं कुणी नव्हतं म्हणून, ते मला कळलं नाही. पहिल्या दोघांचं पाच मिनिटांत झालं. एकाला त्याच्या सुताच्या व्यापाऱ्यानं, दुसऱ्याला देवळाच्या पंचानं ओळखलं, आणि दोघेही ताकीद घेऊन सुटले. मग वडील आले. दोन दिवसांची दाढी, टोपी हातात. पिंजऱ्यात उभे राहिले, मला बघितलं, आणि नजर साहेबाकडे वळवली. आक्का मागच्या बाकावर बसली होती.

साहेबानं विचारलं, हुकूम झाल्यावर मॉब हलला का नाही? ज्यांना लॅटिनमध्ये हलणारे म्हणून हिणवलं, त्यांच्यावर आरोप होता तो न हलल्याचा. हे मला त्या क्षणी दिसलं आणि माझ्या अंगाचा संताप झाला, पण संताप आतल्या आत राहिला. मी वडिलांना विचारलं, हुकूम झाल्यावर तुम्ही का हलला नाहीत? तो शब्द मी मराठीत आणला नाही. वडिलांच्या तोंडावर म्हणायची छाती झाली नाही.

"पाजणी चालली हुती, रावसाहेब," वडील मला म्हणाले. "खळ वली हुती. सोडून गेलो असतो तर सूत मेलं असतं."

आणि माझी जीभ अडली. पाजणीला इंग्रजीत काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं. आजपर्यंत मी शेक्सपिअरच्या देशातल्या शब्दांची कुळं घोकली होती, गर्दीला पाच शब्द आणि त्यातला शिवीचा नेमका कोणता तेही मला ठाऊक होतं. आणि ज्या कामावर मी जेवलो, ज्याच्यावर माझी फी भरली गेली, त्या कामाचं नाव मला येत नव्हतं. मी कसंबसं म्हणालो, ते सुताला पेज लावत होते, असं सांगतात.

साहेब हसला. पेज लावायला चाळीस माणसं? भर रस्त्यात? काठ्या घेऊन? कोर्टातले दोन-तीन वकील हसले. तो हशा मला ओळखीचा होता, हायस्कुलातल्या वर्गातला. दुभाषानं समजावून सांगायचं नसतं, बोलतील तेवढंच फिरवायचं असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. नाहीतर सांगता आलं असतं. मी स्वतः कुंचा धरला आहे साहेब, माझ्या मनगटावर त्याची चापट आहे, चाळीस लागतातच. दोन मिनिटांचं काम होतं.

मग साहेबानं कागद बंद केला आणि विचारलं, या गावात तुला ओळखणारा, तुझ्याबद्दल चांगलं सांगणारा कुणी प्रतिष्ठित माणूस आहे का? आवाज खरंच वाईट नव्हता. तो वाट बघत होता. मी प्रश्न मराठीत केला. माझा आवाज फाटला, आणि वडिलांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. अंगातला कोट, गळ्यातलं उपरणं, पायातला बूट, सगळं बघितलं.

"न्हाय, रावसाहेब," ते म्हणाले. "हितं माझं कोण न्हाय."

साहेब माझ्याकडे बघत होता. मी भाषांतर केलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

दोन महिने. वडिलांना हिंडलग्याच्या तुरुंगात नेलं, आणि घरातला माग दोन महिने तसाच बंद राहिला. निकालाच्या कागदात मॉब तीनदा आला. माझाच कागद समोर ठेवून साहेबानं तो लिहिला होता.

वडिलांनी मला वाचवलं की टाकलं, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी मी म्हणतो, वाचवलं. बाकीच्या दिवशी मला दुसरं खरं वाटतं. शब्दाचं मात्र कुणालाच ठाऊक नाही, आक्कालाही नाही. तिला एवढंच माहीत आहे की मी तिथं उभा होतो.

पाच वर्षांनी, झेंडा बदलला त्या दिवशी, त्याच रस्त्यावर त्याच गल्लीतली माणसं जमली. बांबू होते, काठ्या होत्या, रस्ता अडलेला होता. त्याच फौजदाराचा रिपोर्ट त्याच टेबलावर आला. शिरस्तेदार माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, इथं पब्लिक लिहा. मी लिहिलं. माणसं तीच होती. त्यांना काय म्हणायचं हे त्याही वेळी त्यांना कुणी विचारलं नाही. मी पगार घेत राहिलो, बढतीही घेतली.

पण ते नंतरचं. वडील सुटून आले तेव्हाचं राहिलंच. आल्यावर आठवड्याभरानं त्यांनी गल्लीत सांगितलं, उद्या आमची पाजणी हाय. मला कुणी सांगायला आलं नाही. रविवारी उशिरा येणाऱ्या माणसाला कोण सांगणार? मला बाजारात एका व्यापाऱ्याकडून कळलं, आणि मी उजाडायच्या आत कँपातून निघालो. कोट घरी ठेवला. जुनं धोतर नेसलो.

गल्लीत पोचलो तेव्हा सूत ताणून झालं होतं, खळ नुकती पडली होती, आणि दोन्ही बाजूंनी माणसं चालू लागली होती. हुकूम अजून उठलेला नव्हता. पुन्हा कुणी आलं असतं तर पुन्हा धरलं असतं, आणि तरी कुणाच्या घरचं माणूस मागं राहिलं नव्हतं. त्या दिवशी मी माणसं मोजली नाहीत, पण चाळीसपेक्षा कमी नव्हती. वडील पलीकडच्या टोकाला होते. दोन महिन्यांत खांदे उतरले होते, पण हात पूर्वीसारखाच चालत होता. त्यांनी मान वर केली नाही. माझी जुनी जागा आक्काच्या समोर होती. तिथं शेजारची एक पोरगी उभी होती. भिंतीला टेकून एक कुंचा ठेवला होता, तो मी उचलला आणि त्या पोरीच्या शेजारी घुसायला एक पाऊल पुढं टाकलं.

आक्कानं हात थांबवला नाही. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, तिनं मला जन्मात अरे-तुरेशिवाय हाक मारली नव्हती. तिनं माझ्या हातातल्या कुंच्याकडे बघितलं आणि साहेबाच्या कचेरीत अर्ज घेऊन आलेली बाई बोलते तसं हळू बोलली.

"कडेनं जावा, रावसाहेब. खळ वली हाय."

कुणी हसलं नाही. रांग माझ्या समोरून पुढं गेली, परत आली, परत पुढं गेली. मी कुंचा होता तिथं भिंतीला लावून ठेवला, धोतराचा सोगा उचलला, आणि गटाराच्या कडेकडेनं गल्लीबाहेर आलो. मला एकदाच सांगावं लागलं.